गार हाताचा रिपोर्ट

नसांच्या तपासणीला गेल्यावर चांगला तंत्रज्ञ इलेक्ट्रोड चिकटवण्याआधी हाताच्या कातडीचं तापमान घेतो. ते ३२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर हात गरम पाण्यात ठेवायला लावतो. एसीच्या खोलीत ताटकळलेल्या पेशंटला हा वेळकाढूपणा वाटतो. पण नसेचा वेग मोजण्याची विद्या जितकी जुनी, जवळपास तितकीच ही काळजीही जुनी आहे.

हा वेग कधी मोजता येईल, असं जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलरला वाटत नव्हतं. त्याच्याच शिष्यानं, हेर्मान हेल्महोल्ट्झनं, १८५० साली क्योनिग्सबर्गला बेडकाच्या पायाची नस घेऊन तो मोजला: सेकंदाला साधारण २७ मीटर. पुढे निकोलाय बाक्स्टच्या साथीनं तो माणसाच्या हाताकडे वळला. मनगटाशी आणि वर दंडाशी नसेला विजेचा झटका द्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू केव्हा आकसतो ते टिपायचं आणि दोन वेळांतल्या फरकावरून वेग काढायचा. १८७० पर्यंत त्यांच्या ध्यानात आलं, की हात गार केला की वेग घटतो, ऊब दिली की वाढतो.

याचं कारण कळायला मात्र विसावं शतक उजाडलं. हॉजकिन आणि कॅट्झ यांनी १९४९ साली माकुळाच्या जाड मज्जातंतूवर तापमानाचा परिणाम तपासला. थंडीत सोडियमच्या वाहिन्या सावकाश उघडतात आणि त्याहून सावकाश मिटतात. त्यामुळे संदेश रेंगाळतो, पण त्याची लाट उंच आणि रुंद होते.

दवाखान्यात याचा हिशेब सरळ आहे. एका अंशामागे वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरनं उतरतो. हात २७ अंशांवर असेल तर ५५ चा वेग ४५ दिसेल, आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर नसेचा आजार लिहिला जाईल. वेग कमी पण लाट भरघोस दिसली, तर आधी हात चाचपून पाहावा. सूत्र लावून आकडा दुरुस्त करतात, पण आजारी नस त्या सूत्राप्रमाणे वागेलच असं नाही. मला पाण्याचा टब जास्त भरवशाचा वाटतो.

मायस्थेनियात, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजारात, तर उलटाच धोका. गारव्यात नस आणि स्नायू यांच्यातला संदेश सुधारतो, म्हणून गार हातावर खरा आजार निसटून जातो. याच गुणाचा डॉक्टर उपयोगही करतात: लोंबलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला आणि ती उचलली गेली, तर मायस्थेनियाचा संशय बळावतो.