दातांवरची तार आणि आतड्यातला दाह

नवी दिल्ली स्थानकातून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडून पंचकुइयाँ मार्गाकडे गेले, की लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय लागते. ते १९१६ मध्ये सुरू झाले, तेव्हा ‘क्रोन्स’ हे आजाराचे नावच नव्हते. ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅलझील यांनी १९१३ मध्ये एका आंत्रदाहाचे वर्णन केले होते. तो क्षयासारखा भासे, पण क्षयाचे जंतू त्यात सापडत नसत. न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांचा लेख १९३२ मध्ये आला. नावे वर्णानुक्रमे होती, म्हणून आजार क्रोन यांच्या नावावर गेला!

दातांचा इतिहास यापासून दूर, स्वतंत्रपणे चालला होता. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्यांचे दात तारेने सरकवले आणि भोवतालचे हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दाबाच्या बाजूस हाड झिजत होते, ताणाच्या बाजूस नवे घडत होते. तार दात ओढते एवढेच खरे नाही. ती हाडात मर्यादित दाह निर्माण करते आणि त्या दाहामुळे दाताला वाट मिळते. ज्याच्या शरीरात दाह आधीच अनावर आहे, त्याच्या बाबतीत हे गणित बदलू शकते.

त्यात औषधांची भर पडली. ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसवर कॉर्टिसोनचा उपयोग चाचणीने सिद्ध केला. मात्र स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. तार आवळल्यावर सर्रास घेतली जाणारी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके आतड्याचा आजार उफाळून आणू शकतात. म्हणून अशा रुग्णांना सहसा पॅरासिटामॉल सुचवतात आणि आजार शांत असताना, हलक्या जोराने उपचार करतात.

भारतात आणखी एक गुंता आहे. दिल्लीतील टंडन आणि प्रकाश यांनी १९७२ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांतील ऊतींचे भेद मांडले. चूक दोन्हीकडून महाग पडते: क्रोन्सच्या रुग्णाचे महिने क्षयाच्या गोळ्यांत जातात, तर क्षयाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दडपणारे औषध मिळाले तर जीवावर बेतते.

क्रोन्सचे व्रण तोंडातही येतात, आणि काही रुग्णांत ते पोटदुखीच्या आधी दिसतात. किशोरवयीन मुलाचे तोंड दर चार-सहा आठवड्यांनी, दोन-दोन वर्षे पाहणारा डॉक्टर एकच असतो, दातांना तार लावणारा. तारेने घासून झालेली जखम मेण लावले, तार नीट केली की काही दिवसांत भरते. न भरणारा व्रण, सुजलेले ओठ आणि घटलेले वजन एकत्र दिसले, तर मुलाला पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे असते.