केसांची खतावणी

"ओ ताई, जरा पुढं सरकता का?"

एस.टी.त मागून आलेल्या या विनंतीला मान देऊन मी पुढे सरकलो आणि वळून पाहिले. विनंती करणाऱ्या गृहस्थांची नजर माझ्या केसांवरून मिशीवर आली आणि मिशीवरून थेट खिडकीबाहेर गेली. पुढचे सोळा किलोमीटर ते बाहेरच पाहत होते. बाहेर मिट्ट काळोख होता.

मला याचा राग येत नाही. म्हणजे आता येत नाही. पहिल्या वर्षी यायचा.

हे केस मी ठरवून वाढवले असे कोणी समजू नये. ठरवून काही करणारा माणूस बँकेत कारकून होत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळा महाराष्ट्र घरी बसला, फक्त आम्ही बँकवाले आणि आमच्यासारखे काही अत्यावश्यक प्राणी रोज बाहेर. सलुने बंद. २८ जूनला सरकारने ती उघडायला परवानगी दिली, तीही फक्त केस कापायला, दाढीला नाही. तोवर माझे केस कानांवर आले होते. पहिल्याच दिवशी मी गेलो, तर दुकानापुढे ही रांग! दिवसभर रांगेच्या पलीकडच्या बाजूला बसणारा मी, संध्याकाळी अलीकडच्या बाजूला उभे राहण्याची ताकद नव्हती. म्हटले, उद्या जाऊ. तो उद्या अजून यायचा आहे.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. वर्षाला सहा इंच. सरळव्याज, चक्रवाढ नाही. लोकांची टिंगल मात्र चक्रवाढ पद्धतीने वाढते. साहेब म्हणाले, "काय बुवा, आज प्रवचन कुठे?" मावशीने कानाशी येऊन विचारले, "नवस बोललास का रे?" सौभाग्यवतींच्या क्लिपा सापडेनाशा झाल्या की पहिला संशय माझ्यावर येऊ लागला. वडील मात्र एक शब्दही बोलले नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते माझ्या उशाशी शंभराची नोट ठेवतात, कटिंगसाठी. मी ती मुकाट्याने आवर्त ठेवीत भरतो. आमच्या घरात या विषयावर झालेला संवाद एवढाच.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध दहावीलाच संपला आणि दोघांनीही सुटकेचा नि:श्वास टाकला. पण खात्यात फरक आला की मागची पाने उलटायची, हे अंगात मुरलेले. ही टिंगल कोणाच्या काळापासून पुढे ओढली जात आहे ते पाहावे, म्हणून मी वाचायला बसलो. आणि साहेब, ही शिल्लक फारच जुनी निघाली.

इ.स.पू. ४८०. थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचे ३०० योद्धे आणि समोर इराणचा सम्राट झर्क्सिस आपले अफाट सैन्य घेऊन. सम्राटाने एक घोडेस्वार टेहळणीला पाठवला. तो परत येऊन सांगतो, "महाराज, काहीजण कसरत करताहेत आणि काहीजण केस विंचरताहेत." झर्क्सिसला हे भलतेच हास्यास्पद वाटले. त्याच्या पदरी डेमारेटस नावाचा स्पार्टाचाच एक पदच्युत राजा होता. त्याने समजावले की महाराज, हसू नका, ही मंडळी जिवावर उदार होतात तेव्हा आधी केस नीट करतात. सम्राटाला पटले नाही. मग खिंडीत त्याची जी माणसे पडली, ती हेरोडोटसने नोंदवली आहेत. प्रामाणिकपणे सांगायचे तर शेवटी खिंड झर्क्सिसनेच घेतली आणि ३०० जण कामी आले. पण लांब केसांना हसल्याची इतकी महाग पावती दुसऱ्या कोणाला मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही.

फ्रँक लोकांच्या राजघराण्यात तर केस म्हणजे सिंहासनाचा दाखलाच. लांब केस तो राजा. कापले की राजपद गेले. सहाव्या शतकात क्लोटिल्ड नावाची राणी आपल्या पोरक्या नातवंडांना वाढवत होती. मुलांच्या काकांना राज्य हवे होते. त्यांनी आजीकडे दोन वस्तू पाठवल्या : एक कात्री आणि एक नंगी तलवार. काय निवडता? आजी रागाच्या भरात बोलून गेली की राज्य मिळणार नसेल तर केस कापलेली नातवंडे बघण्यापेक्षा मेलेली बघेन. काकांना तेवढेच हवे होते. दोघे मारले गेले. तिसरा निसटला, त्याने स्वतःच्या हाताने आपले केस कापले आणि तो साधू झाला. पॅरिसजवळच्या एका गावाला आजही त्याचे नाव आहे. घराघरातल्या आज्या केसांबद्दल बोलताना जरा जपून बोलल्या तर बरे, असे हे वाचल्यापासून मला वाटते.

आता या खतावणीतले माझे सर्वांत आवडते खाते : विल्यम प्रिन. इंग्लंडमधला वकील, कडवा धर्मनिष्ठ. त्याने १६२८ साली पुरुषांच्या लांब बटांविरुद्ध एक अख्खे पुस्तक लिहिले. अशा बटा म्हणजे बायकीपणा, देवाचा अपमान वगैरे वगैरे. तेवढ्यावर थांबला असता तर सुखाने मेला असता. पण असली माणसे थांबत नाहीत. पुढे त्याने नाटकांविरुद्ध लिहिले आणि त्यातले शेरे राणीवर आहेत असे दरबाराने ठरवले. १६३४ साली भर चौकात त्याचे कान कापले. १६३७ साली दुसऱ्या एका लिखाणाबद्दल तो पुन्हा न्यायासनापुढे उभा. न्यायाधीश म्हणाले, याला तर कान दिसताहेत! म्हणून शिपायांनी त्याचे केस बाजूला सारून पाहिले, तर मागच्या वेळचे थोडे शिल्लक होते. तेही कापायचा हुकूम झाला. आता मला सांगा, ते कान केसांआड होते, म्हणजे तोवर याचे केस केवढे झाले असतील? लांब केसांवर पुस्तक लिहून शिव्या घालणाऱ्याला शेवटी लांब केसांनीच झाकले. मी या माणसाला हसणार होतो, पण कान कापलेल्याला हसवत नाही.

इथपर्यंत मजा होती. पुढची पाने वाचताना माझा चहा गार झाला.

१६४५ साली चीनच्या नव्या मांचू राज्यकर्त्यांनी फर्मान काढले : प्रत्येक पुरुषाने डोक्याचा पुढचा भाग तासायचा आणि मागे वेणी घालायची. मुदत दहा दिवस. न मानणाऱ्याला देहदंड. तोवर चिनी पुरुष अख्खे केस वाढवून वर बांधत; आईबापांनी दिलेले केस कापू नयेत अशी त्यांची श्रद्धा. हजारो माणसे या हुकुमापायी मेली. पुढे अडीचशे वर्षे तीच वेणी पाठीवर वागवता वागवता ती आपलीच वाटू लागली. मग १९१२ साली प्रजासत्ताक आले आणि आता वेणी ठेवणे गुन्हा! शिपाई रस्त्यात माणसे धरून वेण्या कापू लागले. ज्या वेणीपायी पूर्वज मेले, ती गेली म्हणून नातू रडले. कात्री कोणाच्या हातात आहे एवढाच काय तो फरक.

मधल्या काळात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोने १८७६ साली एक नियम केला : तुरुंगात आलेल्या प्रत्येकाचे केस इंचभर ठेवून कापायचे. दिसायला सगळ्यांसाठी. पण झोंबणार कोणाला, ते शहरात सगळ्यांना ठाऊक होते. हो आ काऊ नावाच्या एका चिनी माणसाला गर्दीच्या खोलीत राहिल्याबद्दल दंड झाला. तो त्याने भरला नाही, म्हणून तुरुंग, आणि तुरुंगात वेणी गेली. गडी सरळ कोर्टात. दहा हजार डॉलरची भरपाई मागितली! १८७९ साली न्यायमूर्ती फील्ड यांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. नियम कागदावर सर्वांसाठी असला तरी न्यायाधीशाला डोळे मिटून बसता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. पोटापाण्यासाठी परमुलखात आलेला एक माणूस केसांसाठी थेट सरकारशी भांडतो. आणि मी साहेबांच्या 'काय बुवा'ला उत्तर देऊ शकत नाही.

१९६४ च्या नोव्हेंबरात बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर सतरा वर्षांचा एक मुलगा गंभीर चेहऱ्याने बसला होता. लांब केसांच्या पुरुषांवर होणारी क्रूरता थांबवण्यासाठी त्याने म्हणे मंडळ काढले होते. तक्रार काय, तर रस्त्यात लोक 'डार्लिंग' म्हणतात आणि 'तुमची पर्स धरू का?' असे विचारतात. तेव्हा त्याचे नाव डेव्ही जोन्स. पुढे तो डेव्हिड बोवी म्हणून जगभर गाजला. मंडळ हा प्रसिद्धीचाच प्रकार असावा, पण पर्सची तक्रार शंभर टक्के खरी असणार, हे मी एस.टी.च्या अनुभवावरून सांगतो.

बोवीला निदान लोकच हसले. दक्षिण कोरियात १९७३ नंतर पोलीसच कात्री घेऊन रस्त्यात उभे राहिले. केस कानांवर आले की तिथल्या तिथे कापायचे.

आणि सिंगापूर. या पानावर मी बोट ठेवून बराच वेळ बसलो. सत्तरच्या दशकात तिथल्या सरकारने लांब केसांविरुद्ध मोहीम उघडली. लेड झेपेलिनसारखा जगप्रसिद्ध वाद्यवृंद १९७२ साली केसांपायी गावात येऊ शकला नाही. सरकारी कचेऱ्यांत पाट्या लागल्या : लांब केसांच्या पुरुषांचे काम सर्वांत शेवटी केले जाईल. लांब म्हणजे किती, तेही चित्रे काढून दाखवले होते. कपाळावरून भुवयांपर्यंत, कानांवर किंवा सदऱ्याच्या कॉलरखाली. म्हणजे काउंटरवरच्या कारकुनाने आधी माणसाचे केस बघायचे, मग अर्ज. जरूर पडली तर "जरा मागे वळता का?" असे म्हणायचे.

एरवी ही पाटी वाचून मी खो खो हसलो असतो. हसू आले नाही, त्याचे कारण सांगतो.

आपल्याकडे केसांचे परवाने व्यवसायावर मिळतात. टागोर कवी होते, चालले. झाकिर हुसेन तबल्यावर बसले की केसही तालात उडायचे, आपण वाहवा केली. कलामसाहेब राष्ट्रपती झाले तेव्हा त्यांच्या कानांवरच्या बटा देशाच्या लाडक्या झाल्या. धोनीला तर २००६ साली लाहोरात खुद्द मुशर्रफ यांनी सांगितले की केस कापू नकोस. कारकुनाला परवाना नाही. पण कारकुनाच्याही खाली एक माणूस आहे, ज्याचे केस आपण लहानपणापासून दारात बघतो आणि ज्याला कोणी 'वाहवा' म्हणत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली. आमच्या शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत एक पोतराज आला. उघडे अंग, कमरेला रंगीत खणांचा घागरा, खांद्यावर आसूड, कपाळी हळदकुंकू, केस कमरेपर्यंत. बायको डोक्यावर मरिआईचा देव्हारा घेऊन दारात थांबलेली. फॉर्म भरता भरता मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारले, "यांच्यापुढे खूण कशावर करू हो? स्त्री की पुरुष?"

अख्खी रांग हसली. साहेबही केबिनमधून हसले. विनोदी लेखक म्हणून मला पहिली पावती तिथे मिळाली, म्हणा ना.

तो हसला नाही, रागावलाही नाही. "पुरुस लिवा," एवढेच म्हणाला. मग या ना त्या कारणाने त्याचे काम मागे पडत गेले. आधार कार्डाची झेरॉक्स, फोटो, हे ते. साडेअकराला आलेल्या माणसाचे खाते मी चार वाजता उघडले. सगळ्यांत शेवटी. अंगठ्यासाठी मी शाईचा पॅड पुढे सरकवला होता. तो बाजूला ठेवून त्याने सही केली. अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते. आमच्या शाखेत सिंगापूरसारखी पाटी कधीच नव्हती. तरी माझे काही अडले नाही.

२०२२ साली तो पासबुक भरून घ्यायला आला. मी ओळखले. त्याने ओळखले की नाही, कळेना. तो बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिला.

"सायेब, नवस हाय का?"

"नाही."

"मंग?"

"असंच."

त्याने यावर विचार केला. "असंच ठिवायचं म्हंजी अवघड. आमच्या केसावर देवीचं नाव तरी हाय."

"त्या दिवशी..." मी सुरुवात केली, पण त्याने हात हलवला. पुढे वाकून, औषध सांगावे तशा आवाजात म्हणाला, "त्याल लावत जावा. आन् इंचरताना खालनं सुरू करायचं, वरनं न्हाई. न्हाईतर जट धरंल."

मी पासबुक छापले. आकडा पाहून त्याच्या हाती दिले. तेवढ्यात रांगेच्या टोकाकडून आवाज आला, "ओ ताई, आवरा की लवकर!"

आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिले.