दुसरीतले त्रेसष्ट

आपल्या वेळी दुसरीकडून घरच्यांच्या अपेक्षा मोजक्या: जोडाक्षरे वाचावीत, हातच्याची बेरीज यावी, पाढे खडाखडा म्हणावेत. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणाऱ्याच्या हातावर मात्र पट्टी बसे. ऐकू येतात आधी तीन, लिहायचे आधी सहा! चूक पोराची की नावाची, हे विचारायचे कोणी?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताने ते विचारले आणि त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' आले. गदारोळ विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची अडचण सांगितली, दक्षिणेतल्या भाषांचा दाखला दिला. कानडीत एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', वीस-एकच. पालकांची धास्तीही खोटी नव्हती. बाजारात 'साठ तीन' कोण म्हणतो? पण जुनी नावे पुस्तकात होतीच. भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उघडले होते, कोण जाणे.