पन्हा पंचेचाळीस इंच

शिफॉनची साडी म्हटली की यश चोप्रांच्या सिनेमातली, स्वित्झर्लंडच्या बर्फात उभी असूनही थंडी न वाजणारी नायिका आठवते. पण या साडीचं कूळ काढायला बसलं, तर वाट बडोद्याच्या एका मराठी माहेराशी जाऊन पोचते.

इंदिराराजे गायकवाड. सयाजीराव महाराज आणि चिमणाबाई (दुसऱ्या) यांची लेक, जन्म १८९२. आई साधी नव्हे. स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिणारी, पुढे १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेची अध्यक्ष. लेक तिच्या वरताण निघाली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी लग्न ठरलेलं असताना १९११ च्या दिल्ली दरबारात तिची बंगालातल्या कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी गाठ पडली आणि तिनं शिंद्यांना स्वतःच्या हातानं पत्र लिहून नकार कळवला. १९१३ मध्ये लंडनला, आई-वडिलांच्या गैरहजेरीत, लग्न झालं. लवकरच थोरले दीर वारले, नवरा गादीवर आला, आणि धाकट्या राजपुत्राशी लग्न केलेली ही मुलगी महाराणी इंदिरादेवी झाली.

माहेरी नऊवारी. शिफॉनची नऊवारी मात्र अवघडच. कासोटा टिकतो तो कापडाच्या पकडीवर, आणि शिफॉनला पकड कमीच. सासर मात्र वेगळं होतं. सासूबाई सुनीतीदेवी या ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या कन्या, घर ब्राह्मो वळणाचं. निऱ्या समोर, पदर खांद्यावर, आत परकर-पोलकं ही आजची सर्रास नेसण ब्राह्मो कुटुंबांत तोवर रुळली होती. तिचं मूळ पुन्हा आपल्याकडेच. १८६०च्या दशकात पती सत्येंद्रनाथ टागोरांबरोबर मुंबईत राहिलेल्या ज्ञानदानंदिनीदेवींनी पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, त्यात फेरफार केला आणि ते बंगालात नेलं. म्हणजे शिफॉनला लागणारी नेसण आधी मुंबईहून बंगालात गेली, आणि मागून बडोद्याची मुलगी तिथे पोचली.

शिफॉनच्या साड्या पहिल्यांदा आपल्या आईनं नेसायला सुरुवात केली, असं इंदिरादेवींची मुलगी गायत्रीदेवी आठवणींच्या पुस्तकात सांगते. ‘पहिल्यांदा’ हा शब्द लेकीच्या तोंडचा आहे, तो जरा बेतानंच घ्यावा. मुंबईच्या धनिक पारशिणी विलायती रेशीम आणि लेस कधीपासूनच वापरत होत्या. मला त्या आठवणीतला दुसरा तपशील जास्त मोलाचा वाटतो: पॅरिसच्या एका पेढीला गळ घालून इंदिरादेवींनी पंचेचाळीस इंच पन्ह्याचं कापड मागवलं.

साडीची मेख पन्ह्यातच आहे. गाऊन शिवणाऱ्याला पन्हा कमी पडला तर तो दोन तुकडे जोडतो. साडीला मधोमध शिवण चालत नाही. कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची एकाच पन्ह्यात बसावी लागते. झग्यांसाठी निघणाऱ्या कापडाची साडी झाली ती या मापामुळे.

बाकी शिफॉन म्हणजे साधं उभं-आडवं विणलेलं रेशीम. करामत आहे ती पिळात. सूत अतिशय घट्ट पिळतात, एक धागा उजव्या पिळाचा, शेजारचा डाव्या. ताण सुटला की दोघे विरुद्ध दिशांना ओढ घेतात, म्हणून हाताला किंचित खरखर लागते आणि कापड अंगाबरोबर लवतं. पैठणीसारखे विणलेले काठ नाहीत, विणलेला पदर नाही. जरीची किनार हवी तर वरून लावायची. आणि सगळं पारदर्शक, त्यामुळे परकर आणि पोलक्याचा रंग जुळवण्याची नवी डोकेदुखी सुरू झाली.

जितेंद्रनारायण डिसेंबर १९२२ मध्ये लंडनला वारले. इंदिरादेवी तेव्हा तीस वर्षांच्या, पदरात पाच मुलं. वैधव्यात पांढरंच नेसावं लागे म्हणून त्यांनी पांढरं शिफॉन शोधलं, अशी गोष्ट फॅशनवाले रंगवून सांगतात. मला ती फार बेतीव वाटते. फेरागामोकडे एकदम शंभर बूटजोडांची मागणी नोंदवणाऱ्या बाईला उत्तम कापड हवंसं वाटायला वैधव्याचं निमित्त कशाला लागतं? मात्र वैधव्यानं एक झालं. त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. मुलगा अज्ञान, म्हणून १९३६ पर्यंत राज्याचा कारभार रीजंट म्हणून त्यांच्याकडे राहिला. कूचबिहार, कलकत्ता, लंडन, सगळीकडे त्या वावरल्या, फोटोत आल्या. राण्यांनी पडद्याआड राहायच्या काळात एक राणी चारचौघांत दिसत होती, आणि ती जे नेसे ते ‘राजघराण्याचं’ ठरत होतं.

लग्न होऊन जयपूरला गेलेल्या लेकीनं, गायत्रीदेवींनी, शिफॉन तिकडे नेलं. तिथल्या रंगाऱ्यांचा लहरिया, म्हणजे तिरप्या लाटांची रंगाई, शिफॉनवर झकास उठतो. गायत्रीदेवींच्या फिक्या रंगांच्या शिफॉन साड्या इतक्या गाजल्या, की ज्या १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत त्या प्रचंड मताधिक्यानं जिंकल्या, तिच्या प्रचाराच्या वर्णनांतही साडी येतेच.

पुढचं काम सुरतेच्या यंत्रमागांनी केलं. पॉलिएस्टरचा धागा तसाच पिळून काढलेलं कापड चुरगळत नाही, घरी धुता येतं, रेशमाच्या मानानं फुकटात पडतं, आणि दुकानदार त्यालाही शिफॉनच म्हणतो. खात्री करायची तर कडेचा एक धागा ओढून पेटवावा. जळक्या केसांचा वास आला आणि बोटांनी चुरता येणारी राख राहिली तर रेशीम. वितळून टोकाला टणक मणी झाला, तर सुरत.