लेझरडिस्क चित्रपटसंग्रह

लेझरडिस्क चित्रपटसंग्रह म्हणजे घरी चित्रपट पाहण्यासाठी एकेकाळी प्रचलित असलेल्या, परंतु आता निर्मिती थांबलेल्या लेझरडिस्क या तबकड्या जमवण्याचा व जपण्याचा छंद होय. जुन्या वस्तूंची ओढ त्यामागे असतेच. तथापि या संग्रहांचे खरे मोल चित्रपटांच्या पाठभेदांत आहे. जुन्या पोथ्यांप्रमाणे चित्रपटांच्याही वेगवेगळ्या प्रतींत फरक असतो आणि काही पाठ केवळ या तबकड्यांवरच अधिकृतपणे उपलब्ध झाले.

तबकडीचे स्वरूप

लेझरडिस्कचा व्यास सुमारे ३० सें.मी., म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढा असतो. ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या दोन पातळ चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असतात. लेझर किरणाने वाचली जात असली, तरी तिच्यावरील चित्र डीव्हीडीसारखे अंकीय नसून ॲनालॉग असते. अमेरिकी व जपानी तबकड्यांच्या एका प्रकारात प्रत्येक फेऱ्यात एक चित्रचौकट वाचली जाते. त्यामुळे चित्र हवे तेथे स्थिर ठेवता येते, पण एका बाजूवर केवळ ३० मिनिटांचा भाग मावतो. दुसऱ्या प्रकारात ही मर्यादा ६० मिनिटांची आहे. साहजिकच चित्रपट पाहताना तबकडी उलटावी लागे.

उदय आणि अस्त

डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहरात 'डिस्कोव्हिजन' या नावाने ही तबकडी बाजारात आली. पुढे जपानच्या पायोनियर कंपनीने तिचा प्रसार केला. आरसीए कंपनीची सीईडी ही तबकडी १९८१ मध्ये स्पर्धेत उतरली. ती सुईने वाचली जात असल्याने वापरागणिक झिजे. १९८४ मध्ये तिच्या यंत्रांचे उत्पादन थांबले. डीव्हीडी आल्यानंतर लेझरडिस्कही मागे पडली आणि २००९ मध्ये पायोनियरने यंत्रांची निर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. भारतात ती सर्वसामान्य घरांत रुजली नाही. महाराष्ट्रातील बहुतेक प्रेक्षक व्हिडिओ कॅसेटवरून थेट व्हिडिओ सीडीकडे वळले.

संग्रहमूल्य

'स्टार वॉर्स' चित्रपटत्रयीत १९९७ मध्ये दृश्यांची भर घालून बदल करण्यात आले. त्याआधीची रूपे १९९३ च्या लेझरडिस्क संचात होती. २००६ मध्ये ती डीव्हीडीवर देताना निर्मात्यांनी नवी प्रत न काढता लेझरडिस्कसाठी तयार केलेल्या मूळ चित्रफितीच वापरल्या. डिस्ने कंपनीचा 'साँग ऑफ द साउथ' (१९४६) अमेरिकेत घरगुती वापरासाठी कधीच विक्रीस आला नाही. जपानमध्ये मात्र त्याची लेझरडिस्क निघाली.

क्रायटेरियन या संस्थेने १९८४ मध्ये 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर दुसऱ्या ध्वनिपट्टीत रोनाल्ड हेवर यांचे भाष्य दिले. चित्रपट चालू असताना अभ्यासकाचे विवेचन ऐकण्याची प्रथा येथून सुरू झाली. याच संस्थेच्या जेम्स बाँडपटांच्या पहिल्या आवृत्तीतील भाष्यांवर आक्षेप घेतला गेला व त्या तबकड्या बाजारातून मागे घेण्यात आल्या. त्यांच्या विकल्या गेलेल्या प्रतींना संग्राहकांत विशेष मागणी असते. पडद्याची मूळ रुंदी राखणारी चित्रे हेही लेझरडिस्कचे वैशिष्ट्य होते. कॅसेटवर चित्राच्या कडा बहुधा कापलेल्या असत.

झीज आणि जतन

सदोष गोंदामुळे किंवा चकत्यांमध्ये हवा शिरल्याने ॲल्युमिनियमचा थर गंजतो. पडद्यावर आधी रंगीत ठिपके दिसू लागतात, पुढे चित्र पाहण्याजोगे राहत नाही. हा दोष दुरुस्त करता येत नाही. तबकड्या ग्रामोफोनच्या तबकड्यांप्रमाणे उभ्या ठेवतात. आडव्या रचल्यास त्या वाकण्याची भीती असते. यंत्रांचे सुटे भाग प्रायः दुसऱ्या जुन्या यंत्रांतूनच काढावे लागतात.

म्हणून काही स्वयंसेवकांनी 'डूम्सडे डुप्लिकेटर' हे उपकरण विकसित केले. यंत्राने तयार केलेल्या चित्राची नक्कल न करता ते लेझरने टिपलेला मूळ संकेतच साठवते आणि त्यातून संगणकाद्वारे चित्र घडवले जाते. बीबीसीने १९८६ मध्ये लेझरडिस्कवर प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनच्या लोकजीवनविषयक 'डूम्सडे' प्रकल्पावरून त्याला हे नाव मिळाले. एकाच चित्रपटाच्या अनेक प्रतींचे असे संकेत एकत्र करून एका प्रतीतील गाळलेल्या जागा दुसरीवरून भरता येतात. त्यामुळे डाग पडलेली प्रतही जाणते संग्राहक टाकून देत नाहीत.