एक देव, दोन गावं

देव एक आणि देवळं दोन. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरचा खंडोबा वर्षातले सुमारे सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि उरलेले पावणेदोन महिने शेजारच्या नळदुर्गाजवळ, मैलारपूरच्या देवळात. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिथेच भरते.

गावाचा देव दुसऱ्या गावाच्या हाती सोपवणं सोपं नाही. मानपानावरून, पालखीच्या खांद्यावरून महाराष्ट्रात किती गावांत डोकी फुटली आहेत! इथे मात्र देव नेण्या-आणण्याचा लेखी करार होतो, दोन्हीकडची जाणती माणसं समोरासमोर बसतात, आणि मग ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात, भंडारा उधळत पालखी निघते. पोरं हे लहानपणापासून पाहतात. राग गिळायचा तो कसा, याचा इतका उघड धडा क्वचितच मिळत असेल.

खंडोबा म्हणजे मार्तंडभैरव, उग्र दैवत. तरीही मल्हारी माहात्म्याच्या कथेत शरण आलेल्या मणी दैत्याला तो क्षमा करतो, जवळ जागा देतो.

ठरलेल्या दिवशी मैलारपूरचं देऊळ रिकामं होतं, आणि अणदूरची माणसं आपल्या देवाला घरी घेऊन येतात.