होमर नावाच्या बाई

परवा टोस्टमास्टर्सच्या विभागीय भाषण स्पर्धेला गेलो होतो. हिरवा, पिवळा, लाल दिवा, आणि साडेसात मिनिटांच्या पुढे गेलात की बाद! स्पर्धकांत मुली बऱ्याच होत्या. त्यात आता नवल काही नाही, पण पूर्वी तसं नव्हतं.

राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे पहिला क्लब काढला, तो पुरुषांसाठी. स्त्रियांना रीतसर सभासदत्व मिळायला १९७३ उजाडलं. पण हेलन ब्लँचर्ड १९७० मध्येच आत शिरल्या, कागदोपत्री 'होमर' हे पुरुषी नाव लावून! त्याच पुढे १९८५ साली संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या.

बोलायला शिकवणाऱ्या संस्थेत बायकांना बोलू द्यायलाच ४९ वर्षं लागली. गंमत आहे ना? म्हटलं तर गंमत, म्हटलं तर नाही.